पत्री सरकार आणि गावकुसाबाहेरचा माणूस

पत्री सरकार म्हटलं की आपल्या पोरांना तळपायावर बसणाऱ्या काठ्या तेवढ्या ठाऊक असतात. पण ते सरकार नुसत्या मारझोडीचं नव्हतं.

त्या वेळी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले. हात रिकामे असून गोळ्या खाव्या लागतात हे पाहून तरुण भूमिगत झाले. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, एकेकाळचे तलाठी आणि सत्यशोधकी विचारांचे, त्यांचे पुढारी. १९४३ ते ४६ या काळात गावोगाव न्यायदान मंडळं बसली, दारू बंद झाली, कर्ज न काढता साधी गांधी-लग्नं लागली. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना बंदोबस्ताला. पैसा इंग्रजाच्याच तिजोरीतून! ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवली, १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा खजिना लुटला. तारीख बघा, बाबासाहेबांचा जन्मदिवस.

बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. त्यावरून आजही कुणी टोमणा मारतो, "तुम्ही लोक लढ्यात कुठं होता?" अशांना मी उलट विचारतो, गोऱ्या साहेबाचा अंमल खेड्यात कुणाच्या पायांनी चालायचा? तराळाच्या. टपाल पोचवायचं, साऱ्यासाठी लोकांना बोलावून आणायचं, साहेब आला की पुढं पळायचं. ही वतनाची वेठ मोडायला बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. परक्याच्या राज्याविरुद्धची आणि गावातल्या राज्याविरुद्धची अशा दोन लढाया आपल्या माणसाला एकदम लढाव्या लागल्या.

आमचा आजा तराळ होता. दिवसा पोलीसपाटलाचे निरोप घेऊन धावायचा. रात्री उसाच्या फडात कोण मुक्कामाला आहे, कुणाच्या घरची भाकरी तिकडं गेली, हे त्याला माहीत असायचं. फौजदारानं दरडावून विचारलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही, असं आई सांगायची. इंग्रज १९४७ ला गेला. तराळकी मात्र १९५८ चा वतन रद्द करण्याचा कायदा झाल्यावर सुटली.

आज्याचं नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या कुठल्याच यादीत नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी असं काही सांगितलं असेल तर रविवारी विहारात या. आम्ही वही ठेवली आहे, त्यात लिहून द्या.