ट्रेनर की खेळाडू? शाल्के ०४ ची घसरण आणि जर्मन फुटबॉलमधील एक जुना वाद

जर्मन वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर दर शरद ऋतूत एक शब्द हटकून उगवतो : ‘ट्रेनरफ्रागे’, म्हणजे प्रशिक्षकाचा प्रश्न. संघ तीन-चार सामने ओळीने हरला की हा शब्द मथळ्यात येतो आणि सोमवारी कार्यालयातील कॉफीच्या यंत्रापाशी त्याच प्रश्नाची चर्चा रंगते. चूक कोणाची? डावपेच आखणाऱ्या ट्रेनरची, की मैदानावर पाय ओढत चालणाऱ्या खेळाडूंची? जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा वाद प्रथम विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे पराभवाचे खापर परंपरेने कर्णधाराच्या डोक्यावर फुटते. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणाऱ्या अजित वाडेकरांच्या घरावर १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर दगडफेक झाली. लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव आटोपला तेव्हा फलंदाजी साऱ्या संघाची कोसळली होती, पण कर्णधारपद एकाचे गेले. फुटबॉलमध्ये ही जागा ट्रेनरची असते.

येथे शब्दांचा एक घोळ आधीच सोडवलेला बरा. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात तो बहुतांशी जर्मनीतील ट्रेनर. जर्मन फुटबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री आणि करार पाहणारा पदाधिकारी. बायर्न म्युनिकमध्ये उली ह्योनेस १९७९ साली वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी या पदावर आले. आज त्याला बहुधा क्रीडा संचालक म्हटले जाते. संघात कोण असेल हे मुख्यतः तो ठरवतो आणि त्या संघाने कसे खेळावे हे ट्रेनर ठरवतो. ‘ट्रेनर की खेळाडू’ या प्रश्नात हा तिसरा माणूस दिसतच नाही, आणि वाद भरकटतो तो बहुतेक वेळा तिथेच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गेल्झनकिर्शेन शहराच्या शाल्के ०४ या क्लबचा २०२०-२१ चा हंगाम. रूर खोऱ्यातील कोळसा खाणींच्या परिसरात १९०४ साली जन्मलेला हा क्लब सात वेळा जर्मन विजेता ठरला, १९९७ मध्ये त्याने युएफा चषक जिंकला आणि २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. सभासदसंख्या दीड लाखांहून अधिक. २०१७-१८ च्या हंगामात डोमेनिको टेडेस्को या तरुण ट्रेनरच्या हाताखाली संघ बुंडेसलिगात दुसरा आला होता. तीन वर्षांत तो तळाला गेला.

१७ जानेवारी २०२० रोजी शाल्केने बोरुसिया म्योनशेनग्लाडबाखला २-० असे हरवले. त्यानंतर लीगमधला पुढचा विजय पाहायला जवळजवळ एक वर्ष लागले. ट्रेनर डेव्हिड वाग्नर यांच्या संघाने तो हंगाम सलग १६ सामने विजयाविना संपवला, तरी क्लबने त्यांना पदावर ठेवले. नवा हंगाम १८ सप्टेंबरला म्युनिकमध्ये ०-८ अशा पराभवाने उघडला. दुसऱ्या सामन्यात वेर्डर ब्रेमेनने घरच्या मैदानावर ३-१ ने हरवल्यावर वाग्नर गेले. मानुएल बाउम आले; डिसेंबरमध्ये तेही गेले. १९९७ च्या चषकाचे मानकरी ह्यूब स्टीव्हन्स यांनी दोन सामन्यांपुरती धुरा वाहिली. मग स्वित्झर्लंडचे क्रिस्टियान ग्रोस. ९ जानेवारी २०२१ रोजी होफेनहाइमवर ४-० असा विजय मिळाला, मॅथ्यू हॉपी या अमेरिकन पोराने तीन गोल मारले आणि विजयाविना सामन्यांची मालिका ३० वर थांबली. टास्मानिया बर्लिनने १९६५-६६ मध्ये केलेला ३१ सामन्यांचा नकोसा विक्रम एका सामन्याने वाचला. पण आनंद टिकला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस श्टुटगार्टमध्ये ५-१ असा पराभव झाला, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रोस यांच्यासह क्रीडा विभागाचे प्रमुख योखेन श्नायडर यांनाही पद सोडावे लागले. पाचवे ट्रेनर दिमित्रिओस ग्रामोझिस. हंगामाअखेर ३४ सामन्यांत ३ विजय, ७ बरोबरी, २४ पराभव. १६ गुण आणि अठरावे स्थान. तीस वर्षांनंतर शाल्के दुसऱ्या श्रेणीत घसरला.

पाच ट्रेनर आणि जवळजवळ तेच खेळाडू. वरवर पाहता हा खेळाडूंविरुद्धचा भक्कम पुरावा ठरतो, आणि अनेक चाहत्यांनी तो तसाच वाचला. करोनामुळे हंगामाचे बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले; जर्मन भाषेत त्यांना ‘गाइस्टरश्पिले’, भुतांचे सामने, म्हणत. शिट्ट्या मारून संघाला जाब विचारण्याचा चाहत्यांचा नेहमीचा मार्गच बंद होता. २० एप्रिल २०२१ च्या रात्री बीलेफेल्डमध्ये ०-१ असा पराभव होऊन घसरण निश्चित झाली. संघाची बस गेल्झनकिर्शेनला परतली तेव्हा तिथे शेकडो लोक वाट पाहत होते. अंडी फेकली गेली, खेळाडूंचा पाठलाग झाला आणि काहींना जिवाच्या भीतीने पळावे लागले. त्या संतापामागची वेदना समजते. जे झाले ते गुन्हेगारीच होते.

मात्र हे खेळाडू त्या संघात आले कसे आणि चांगले गेले कसे, हे पाहिले की पुरावा दुसरीकडे वळतो. योएल मातिप २०१६ मध्ये लिव्हरपूलला गेला, सेआद कोलाशिनात्स २०१७ मध्ये आर्सेनलला, लेऑन गोरेत्स्का २०१८ मध्ये बायर्नला, माक्स मायर त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला आणि गोलरक्षक अलेक्झांडर न्यूबेल २०२० मध्ये बायर्नला. या पाचही जणांचे करार संपू दिले गेले आणि क्लबला हस्तांतरणाचा एक युरोही मिळाला नाही. विकून आलेल्या पैशांतून नवा संघ बांधण्याची वाट त्यामुळे बंद झाली. कर्ज दोनशे दशलक्ष युरोंच्या वर गेले होते, आणि करोनाने प्रेक्षकांचे उत्पन्न थांबवल्यावर त्याचा भार असह्य झाला. २००१ पासून निरीक्षक मंडळाचे अध्यक्ष असलेले मांस उद्योजक क्लेमेन्स टोनिएस यांच्या कत्तलखान्यात जून २०२० मध्ये करोनाची मोठी साथ पसरली. त्या महिनाअखेर चाहत्यांनी स्टेडियमभोवती मानवी साखळी केली. तिचे घोषवाक्य होते ‘शाल्के हा कत्तलखाना नाही’. टोनिएस यांनी लगेच राजीनामा दिला. हे सारे वाग्नर यांची गच्छंती होण्यापूर्वीचे आहे. म्हणजे ०-८ च्या तीन महिने आधी, गुणतक्ता कोरा असताना, चाहत्यांतील एका मोठ्या गटाने दुखण्याचे मूळ ओळखले होते. हंगाम सुरू झाल्यावर मात्र चर्चा पुन्हा ट्रेनर आणि खेळाडू यांच्यातच फिरत राहिली.

ती तिथेच फिरते यालाही व्यावहारिक कारण आहे. खेळाडूंची अदलाबदल मुख्यतः उन्हाळ्यात आणि जानेवारीत, ठरलेल्या मुदतीतच करता येते. ऑक्टोबरमध्ये संघ कोसळला तर पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत; एक ट्रेनर रविवारी सकाळी बदलता येतो. संचालक मंडळाला त्या दिवशी काहीतरी केल्याचे दाखवायचे असते, आणि करण्याजोगी तेवढी एकच गोष्ट हाताशी असते. कायद्याच्या दृष्टीने हे बहुधा ‘काढणे’ नसते. मुदतीच्या नोकरीचा करार जर्मनीत, त्यात तशी तरतूद नसेल तर, नेहमीची नोटीस देऊन मध्येच संपवता येत नाही. म्हणून बातमीत ट्रेनरला ‘बेउरलाउब्ट’, रजेवर पाठवलेला, असे म्हणतात. पगार करार संपेपर्यंत किंवा तडजोड होईपर्यंत चालू राहतो. मुदतीच्या करारावर जर्मनीत काम करणाऱ्या कोणालाही हा शब्द ओळखीचा असेल, फक्त रकमेत फरक.

बदलाचा उपयोग होतो का? म्युन्स्टर विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस हॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासूनच्या बुंडेसलिगाच्या ४६ हंगामांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : हंगामाच्या मध्यात ट्रेनर बदलल्याने संघाच्या कामगिरीवर सरासरीने जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. कामगिरी सुधारते हे खरे, पण ट्रेनर न बदललेल्या, तितक्याच वाईट अवस्थेतील संघांचीही ती तेवढीच सुधारते. ट्रेनर जातो तोच मुळी दुर्दैवी मालिकेच्या तळाशी, आणि तळापासून पुढची वाट बहुधा वरच असते. औषध घेतले तर सर्दी आठवड्यात बरी होते आणि न घेतले तर सात दिवसांत, त्यातलाच हा प्रकार. तरी हा सरासरीचा हिशेब आहे. एखाद्या विशिष्ट ट्रेनरच्या गुणवत्तेबद्दल तो काही सांगत नाही.

आणि अपवाद डोळ्यांत भरणारे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये खाबी आलोन्सो लेव्हरकुझेनला आला तेव्हा संघ आठ सामन्यांनंतर सतराव्या स्थानावर होता. हंगाम सहाव्या स्थानावर संपला आणि पुढच्या वर्षी २८ विजय, ६ बरोबरी, एकही पराभव न होता विजेतेपद आले. चाहते याला ट्रेनरच्या बाजूचा निर्णायक दाखला मानतात. पण सतराव्या क्रमांकावरील त्या संघात फ्लोरियन विर्ट्झसारखा खेळाडू होता (आलोन्सो आला तेव्हा तो दुखापतीतून सावरत होता), आणि विजेतेपदाच्या वर्षी ग्रानिट झाका, आलेक्स ग्रिमाल्दो आणि व्हिक्टर बोनिफेस क्रीडा संचालक झिमॉन रोल्फेस यांनी आणले होते. बायर्नचेही तसेच. २ नोव्हेंबर २०१९ रोजी फ्रांकफुर्टने ५-१ असे हरवल्यावर निको कोव्हाच गेले, त्यांचे सहायक हान्सी फ्लिक यांनी त्याच खेळाडूंना घेऊन लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे जिंकली. वाटेत बार्सिलोनावर ८-२ असा विजय. संघात गुणवत्ता दबलेली असेल तर नवा ट्रेनर ती मोकळी करू शकतो. शाल्केत दबलेले फारसे काही उरलेच नव्हते.

त्याच फ्लिक यांना राष्ट्रीय संघ मिळाल्यावर २०२२ च्या विश्वचषकात जर्मनी गटातच बाद झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वोल्फ्सबुर्गला जपानने ४-१ असे हरवल्यावर त्यांना काढण्यात आले. १९२६ पासून चालत आलेल्या त्या पदावरून बडतर्फ होणारे ते पहिलेच. दोन वर्षांच्या आत त्यांनी बार्सिलोनाला स्पेनचे विजेतेपद मिळवून दिले. शाल्केतून २०१९ मध्ये गेलेले टेडेस्को २०२२ मध्ये लाइपझिशसह जर्मन चषक जिंकले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथूनही गेले.

न बदलण्याचा मार्गही जर्मनीत आहे, पण त्याला जिगर लागते. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या आउग्सबुर्गकडून घरच्या मैदानावर ०-१ असे हरून डॉर्टमुंड तळालाच राहिला. युर्गेन क्लॉप यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या नाहीत. राग खेळाडूंवर निघाला, आणि गोलरक्षक रोमान वाइडेनफेलर व कर्णधार माट्स हुमेल्स जाळीपाशी जाऊन चाहत्यांशी बोलले. क्लॉप हंगामाच्या अखेरपर्यंत राहिले, संघ सातवा आला. त्याच वर्षी फ्रायबुर्ग घसरला तरी क्रिस्टियान श्ट्राइश यांना क्लबने सोडले नाही. २०१६ मध्ये त्यांनी संघ परत वर आणला आणि २०२४ पर्यंत ते तिथेच होते.

दोष खेळाडूंचाच असे ठरवले की काय होते, ते बर्लिनमध्ये दिसले. गुंतवणूकदार लार्स विंडहोर्स्ट यांचे ३७४ दशलक्ष युरो आलेल्या हेर्टा संघाने ९ एप्रिल २०२२ रोजी शहरबंधू उनिओनकडून १-४ असा मार खाल्ला. कडव्या चाहत्यांनी खेळाडूंना अंगातील जर्सी काढून ठेवायला सांगितले, आणि काहींनी त्या मैदानावर ठेवल्याही. हंगामातील तिसरे ट्रेनर फेलिक्स मागाट यांनी संघ कसाबसा वाचवला. पुढच्या वर्षी हेर्टा घसरलाच.

या वादाला जर्मनीत इतर देशांपेक्षा जास्त वजन आहे, कारण बोलणाऱ्यांना मत आहे. ‘५०+१’ या नियमानुसार क्लबच्या मताधिकाराची बहुसंख्या मूळ सभासद-संस्थेकडेच राहावी लागते, आणि शाल्के तर अजूनही नोंदणीकृत संस्था आहे, कंपनी नव्हे. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्या मराठी वाचकाला तिथले वातावरण परके वाटणार नाही. ट्रेनर काढण्याचा अधिकार सभासदांना नाही, खेळाडू विकण्याचाही नाही. निरीक्षक मंडळातील जागांसाठी मात्र ते मतदान करतात, आणि करार संपू देणारे, कर्ज वाढवणारे अधिकारी ज्यांच्या देखरेखीखाली काम करतात ते हेच मंडळ.

ग्रामोझिस यांना मार्च २०२२ मध्ये दूर करून शाल्केने जुने खेळाडू मिके ब्युस्केन्स यांना हंगामापुरते आणले. सिमॉन टेरोडेच्या ३० गोलांच्या बळावर संघ मे महिन्यात दुसऱ्या श्रेणीचा विजेता म्हणून वर आला. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेले फ्रांक क्रामर गेले, थोमास राइस आले, आणि मे २०२३ मध्ये लाइपझिशमधील शेवटच्या सामन्यात हरून शाल्के पुन्हा खाली गेला.