बिकानेरचं नाव, नागपूरचा डबा

नागपूरहून वणीला परतणाऱ्या एसटीत संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर तो चौकोनी डबा असतोच. नागपूरला गेलेला माणूस दवाखान्यासाठी गेलेला असो, कोर्टाच्या तारखेला की मुलीच्या अॅडमिशनला, तो रिकाम्या हातानं परत आला तर घरची लहान मुलं पिशवीत डोकावून बघतात. जाम गेलं, वरोरा गेलं, तरी डबा मांडीवरच. वर ठेवला तर वड्या चेपतील. आत नारिंगी रंगाची संत्रा बर्फी. वणीकरांच्या लेखी ही अस्सल नागपूरची वस्तू. पण डब्यावरचं हल्दीराम हे नाव विदर्भातलं नाही. ते बिकानेरच्या एका भुजियावाल्याचं घरगुती नाव आहे.

त्यांचं खरं नाव गंगाबिशन अग्रवाल. कंपनी आपली सुरुवात 1937 पासून मोजते, पण घरात भुजिया त्याआधीपासून होत होता. भुजिया म्हणजे शेवच, असं आपल्याकडे समजलं जातं. दोन्हींत फरक आहे. आपली शेव बेसनाची, सोऱ्यातून पाडलेली. बिकानेरी भुजियात मोठ नावाच्या कडधान्याचं पीठ असतं, आणि मोठ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली मटकी. जिची आपण उसळ करतो, तिचंच पीठ मसाला घालून मळायचं, तापलेल्या कढईवर मोठा झारा आडवा धरायचा आणि तळहातानं गोळा घासत बारीक तार तेलात सोडायची. वाळवंटाच्या कडेला कमी पाण्यावर येणारं पीक आणि हाताचा वेग, यांतून हा पदार्थ घडला. 2010 मध्ये बिकानेरी भुजियाला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे घर नागपुरात आलं ते 1970 च्या सुमारास. हल्दीरामांचे नातू शिवकिसन अग्रवाल इथे आले. त्याआधी कुटुंबाची एक शाखा कोलकात्यात रुजली होती. राजस्थानी व्यापारी विदर्भाला नवा नव्हता. जमनालाल बजाज सीकरजवळच्या गावातून वर्ध्याच्या घरात दत्तक आले, ते कापसाच्या व्यापारावर उभ्या असलेल्या घरात. वणीसारख्या कापसाच्या पेठांनाही मारवाडी पेढी आणि तिची बैठक ओळखीची होती. पण कापूस घेणं वेगळं आणि तर्री-पोहे खाणाऱ्या माणसाला नवी चव विकणं वेगळं.

पवित्रा कुमार यांनी ‘भुजिया बॅरन्स’ या पुस्तकात नागपूरच्या या सुरुवातीची हकिकत दिली आहे. बिकानेरला ज्या भुजियावर घर चाललं, त्याला इथे गिऱ्हाईक बेताचंच होतं. शिवकिसन यांनी मग मिठाईकडे मोर्चा वळवला. काजू कतली तेव्हा नागपूरकरांना अनोळखी. ती लोकांना आधी फुकट चाखायला दिली, मग विक्रीला ठेवली. पुढे इडली-डोशाचं उपाहारगृह काढलं. राजस्थानी घराण्याच्या दुकानात दाक्षिणात्य न्याहारी, तीही मराठी गावात! या साखळीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच म्हणावा लागेल. मिठाई माणूस सणाला, लग्नाला, निकालाला घेतो. डोसा कोणत्याही मंगळवारी खातो. आणि डोसा खायला आलेलं कुटुंब बिल देताना काउंटरवरचा फरसाणाचा पुडा उचलतं. दुकानाची ‘बसून खायची जागा’ झाली ती अशी.

संत्रा बर्फीचं गणितही स्थानिक आहे. नागपुरी संत्र्याचे बहार दोन. आंबियाची फळं हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. एरवी पाहुण्याच्या हाती नागपूरची खूण म्हणून द्यायचं काय? बर्फीनं ती अडचण कायमची सोडवली. बाहेरून आलेल्या घरानं इथलं फळ आपल्या मिठाईत घेतलं, आणि इथल्या माणसांनी ते घर आपलं मानलं.

नावाचं प्रकरण मात्र गोड नाही. कौटुंबिक खाद्यसाखळ्यांत हा पेच जगभर दिसतो. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला 1948 मध्ये झटपट बर्गरची पद्धत बसवली. 1961 मध्ये रे क्रॉक यांनी 27 लाख डॉलरला सगळा हक्क घेतला. भावांनी स्वतःकडे राखलेल्या मूळ दुकानावर मग त्यांचंच आडनाव लावता येईना. पाटी बदलून ‘बिग एम’ करावी लागली. तिथे नाव परक्याकडे गेलं. अग्रवालांकडे ते घरातच राहिलं आणि घरातच त्यावरून भांडण पेटलं. 1974 मध्ये कुटुंबाची भागीदारी मोडली तेव्हा पश्चिम बंगाल कोलकात्याच्या शाखेला आणि उरलेला देश दुसरीला, अशी नावाची वाटणी झाली. 1980 च्या दशकात शिवकिसन यांचे बंधू मनोहरलाल यांनी दिल्लीत चांदणी चौकात बस्तान बसवलं. 1991 मध्ये कोलकात्याच्या बाजूनं दिल्लीतच, करोलबागेत, दुकान उघडलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्यातला भागीदारी कायद्याचा एक मुद्दा 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढला. मूळ वाद त्यानंतरही रेंगाळला. आजोबांच्या नावासाठी चुलत घरांनी इतकी वर्षं कज्जे लढावेत, हे वाचताना वाईट वाटतं. तरी याच वाटण्यांमुळे प्रत्येक शाखेला आपापल्या मुलखाची जीभ ओळखावी लागली, हेही खरं. नागपूरच्या शाखेनं ती ओळखली.

शिवकिसन यांचे दुसरे बंधू शिवरतन यांनी तर वेगळंच नाव घेतलं, बिकाजी. ती कंपनी 2022 मध्ये शेअर बाजारात उतरली.

मग वारं फिरलं. दिल्ली आणि नागपूर या दोन शाखांनी आपला पॅकबंद फरसाणाचा धंदा एका कंपनीत आणायचं ठरवलं. वाटा दिल्लीचा 56 टक्के, नागपूरचा 44. 2023 मध्ये स्पर्धा आयोगानं मान्यता दिली. 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘हल्दीराम’ हे सुविख्यात व्यापारचिन्ह ठरवलं. 2025 मध्ये सिंगापूरच्या टेमासेकनं या कंपनीत सुमारे 10 टक्के भाग घेतला.

या जुळणीत पुड्यातलं फरसाण एकत्र आलं. उपाहारगृहं त्यात घेतली नाहीत. त्यामुळे वणीच्या किराणा दुकानात लटकणाऱ्या भुजियाच्या पुड्यामागे आता दिल्ली आणि नागपूरसोबत सिंगापूरही उभं आहे. डोशाचं टेबल मात्र नागपूरच्या घराकडेच राहिलं आहे.