जे. बी. एस. हॉल्डेन : संशोधन आणि लोकशिक्षण

डार्विनप्रणीत नैसर्गिक निवड आणि मेंडेलप्रणीत आनुवंशिकता यांचा गणिताच्या साहाय्याने मेळ घालणाऱ्या फिशर, राइट आणि हॉल्डेन या तिघांपैकी जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन (१८९२–१९६४) यांनी हे शास्त्र सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे कार्यही आयुष्यभर केले. या दोन कार्यांचा परस्परसंबंध विचारात घेण्याजोगा आहे.

मँचेस्टर येथे एका जातीच्या पतंगाचा काळा प्रकार १८४८ मध्ये प्रथम नोंदला गेला आणि शतक संपण्याच्या सुमारास तेथे फिकट प्रकार विरळा झाला. हे घडण्यासाठी काळ्या पतंगाची संतती फिकट्याच्या सुमारे दीडपट असली पाहिजे, असे हॉल्डेन यांनी १९२४ मध्ये गणिताने दाखविले. १९३२ च्या ‘द कॉजेस ऑफ इव्होल्यूशन’ या ग्रंथात त्यांनी विवेचन सुबोध भाषेत केले आणि गणित परिशिष्टात ठेवले. त्यांच्या लोकशिक्षणाची रीत या मांडणीत दिसते.

१९३७ पासून ‘डेली वर्कर’ या साम्यवादी पत्रात त्यांनी विज्ञानविषयक शेकडो लेख लिहिले. तथापि याच निष्ठेने त्यांची कसोटी पाहिली. वाव्हिलॉव्ह या थोर आनुवंशिकीतज्ज्ञाचा १९४३ मध्ये सोव्हिएत तुरुंगात अंत झाला. १९४८ मध्ये तेथे लायसेंकोचे मत अधिकृत ठरून आनुवंशिकीवर बंदी आली. हॉल्डेन यांनी मात्र त्या वर्षी लायसेंकोचा स्पष्ट निषेध केला नाही. पुढे ते पक्षापासून दूर झाले. लोकशिक्षकाच्या शब्दावर वाचक विसंबतो. म्हणून या मौनाचा दोष लहान मानता येत नाही.

१९५७ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले आणि अखेरची वर्षे भुवनेश्वर येथे राहिले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५९ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या अहिंसक अभ्यासाचा पुरस्कार केला. पक्षी न मारता, केवळ निरीक्षण आणि मोजणी यांच्या बळावर मोलाचे संशोधन होऊ शकते, हे त्यांचे प्रतिपादन होते. महाग उपकरणांचा अभाव ही अडचण त्यामुळे बरीच सौम्य होते. आखाडा बाळापूरसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही शिवारातील घरटी मोजता येतील, नोंदी ठेवता येतील.

त्याला हवी आहे ती आपल्या भाषेतील वाट. जनुक, उत्परिवर्तन, नैसर्गिक निवड हे शब्द मराठीत रूढ आहेत. परंतु संज्ञा तयार झाली म्हणजे विवेचन झाले असे नव्हे. गणित परिशिष्टात ठेवून विचार उलगडणारे गद्य हॉल्डेन यांनी इंग्रजीत लिहिले. मराठीत ते काम मराठी अध्यापकांनीच केले पाहिजे.