किल्लारी : धोक्याची सवय

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. ही वेळ सगळ्यांच्या लक्षात आहे. मी मात्र 1992 बद्दल बोलतो. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते. मग लोक घरात झोपलेच कसे? "बेफिकीर होते", असं काही जण सहज बोलून जातात. मला ते अजिबात पटत नाही.

मेंदू पुढचा अंदाज बांधतो आणि घडलेल्याशी ताडून तो दुरुस्त करत राहतो. पहिल्या धक्क्याला काळीज धडधडतं. काहीच होत नाही. दुसरा येतो, तेव्हाही काही नाही. दरवेळी भीती थोडी उतरते. नाहीतर माणसाला झोपच लागली नसती! पण शतकात एखाद्या वेळी येणारं संकट असं अनुभवातून कळत नाही.

आणि तज्ज्ञांचं तरी काय वेगळं? तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. झोन 3 मध्ये गेला तो 2002 साली.

आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. वर माळवद, भोवती दगडमातीच्या जाड भिंती. जवळपास 10 हजार माणसं गेली.

लातूर-धाराशिवकडच्या मित्रांनो, तुमच्या गावात अशी माळवदं अजून किती उभी आहेत?