जरीपटका : एका संज्ञेचा अर्थ व व्यवहार

मराठी लष्करातील सोनेरी निशाण व नागपूर शहराच्या उत्तर भागातील एक वसाहत, अशा दोन्ही अर्थी ही संज्ञा रूढ आहे. फार्सी ‘जर’ म्हणजे सोने. ‘पटका’ म्हणजे कापडाचा पट्टा. तो डोक्याला बांधला की पागोटे, कमरेला बांधला की कमरबंद आणि काठीला लावला की निशाण. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे कोशापेक्षा प्रसंगच ठरवितो. ‘सैंधव’ (मूळ अर्थ सिंधुदेशीय) म्हणजे भोजनसमयी मीठ व प्रयाणसमयी घोडा, हे संस्कृत शास्त्रकारांचे उदाहरण याच स्वरूपाचे आहे. पाश्चात्त्य विचारात ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोस्की (१८८४–१९४२) याने १९२३ मध्ये प्रसंगसंदर्भाची कल्पना मांडली; लूटव्हिख व्हिट्‌गेन्‌श्टाइन (१८८९–१९५१) याने तर शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधला.

जरीपटक्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न शास्त्रचर्चेपुरता राहिला नाही. भगवा झेंडा निराळा व जरीपटका निराळा. तो ज्याच्या हाती सोपविला जाई, त्याच्याकडे सैन्याचे आधिपत्य आले, असे समजत. अर्थात देणाऱ्याचा अधिकार सर्वमान्य असेल तरच. जून १८१७ च्या पुणे तहान्वये दुसऱ्या बाजीरावास मराठ्यांच्या प्रमुखपदावरील हक्क सोडावा लागला होता. ५ नोव्हेंबर रोजी खडकी येथे त्याचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात त्याच्याकडून आलेली खिलत, सेनापतिपद व जरीपटका यांचा नागपूरच्या आप्पासाहेब भोसले याने समारंभपूर्वक स्वीकार केला. इतकेच नव्हे, तर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यासही समारंभाचे निमंत्रण धाडले. मराठी दरबारी परिभाषेत हा मान होता. १८१६ च्या तैनाती तहाने आप्पासाहेब इंग्रजांचा मित्र ठरला असल्यामुळे जेंकिन्सच्या दृष्टीने मात्र ते शत्रूच्या सैन्याचे सेनापत्य होते. यास गैरसमज म्हणणे भोळेपणाचे होईल. सैन्याची जमवाजमव पाहता दोन्ही अर्थ दोन्ही पक्षांस उमगले होते आणि जुन्या परिभाषेच्या आडोशाने आप्पासाहेब वेळ काढू पाहत होता, असे दिसते. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तीत भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि १८१८ मध्ये आप्पासाहेबास गादी गमवावी लागली.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे जरीपटका वसाहतीत मोठ्या संख्येने स्थायिक झाली. तेथील बाजारपेठ त्यांनी उभी केली. आता नागपुरात ‘जरीपटक्याला जायचे आहे’ असे म्हटले, की कोणासही निशाण आठवत नाही. रिक्षावाला भाडे सांगतो.