झिजणारी चिन्हे : स्केटबोर्डवरील स्टिकरचा इतिहास

अभ्यासविषय म्हणून स्टिकर ही वस्तू क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मात्र संस्कृती ही चिन्हांची व्यवस्था असते, हे आपण वर्गात शिकवतो. ते खरे मानले, तर अमेरिकन पोरांच्या स्केटबोर्डखाली चिकटवलेला चार बोटे रुंदीचा कागदही वाचायला हवा.

या चिन्हांची सुरुवात हाताने झाली. १९७०च्या दशकात सांता मोनिका आणि व्हेनिस यांच्या किनाऱ्यावरील 'डॉगटाऊन' या भागात वेस हम्पस्टन मित्रांच्या फळ्यांवर पेनाने क्रूस आणि नक्षी रेखाटत असे. ते चिन्ह एका फळीपुरते, फार तर एका टोळक्यापुरते होते. सांता क्रूझ (१९७३) आणि पॉवेल पेराल्टा (१९७८) या कंपन्यांच्या काळात त्याला छापखाना मिळाला. जिम फिलिप्स यांचा १९८५चा किंचाळणारा हात आणि व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन यांच्या कवट्या स्टिकरांवरून सर्वदूर पोहोचल्या. फळी महाग होती. स्टिकर स्वस्त, पुष्कळदा फुकट. त्यामुळे तो वह्यांवर, दारांवर, विजेच्या खांबांवरही दिसू लागला.

परंतु त्याचा अर्थ ठरतो तो फळीवर. कंपनीचा पाठिंबा मिळालेल्या खेळाडूच्या फळीवर तो कराराची खूण असतो. तोच स्टिकर पदरचे पैसे मोडून फळी घेणाऱ्या मुलाने लावला, की ती निष्ठेची खूण होते. चिन्हक एकच, चिन्हिते दोन. शिवाय तो लागतो फळीच्या तळाला. लोखंडी कठड्यावरून किंवा सिमेंटच्या कडेवरून फळी घसरत नेली, की स्टिकर खरवडून निघतो. म्हणून कोराकरकरीत स्टिकर इथे संशयास्पद ठरतो, आणि अर्धा झिजलेला स्टिकर साक्ष देतो. पुसले जाण्यातून अर्थ पूर्ण होणारी अशी संहिता विरळाच.

या परंपरेने एक वेगळे वळण १९८९ साली घेतले. शेपर्ड फेअरी हा ऱ्होड आयलंड येथील कलाशाळेचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्समधील स्केटबोर्डच्या दुकानात काम करीत होता. त्याने आंद्रे द जायंट या मल्लाचा चेहरा, उंची आणि वजन छापलेला स्टिकर काढला. विकायला त्यामागे काहीच नव्हते. १९९०च्या जाहीरनाम्यात त्याने हायडेगरचा आधार घेत सांगितले, की स्टिकरला अर्थ नाही. पाहणाऱ्याला सभोवतालाविषयी प्रश्न पडावा, एवढाच हेतू. पुढे त्यातूनच 'ओबे' हे चिन्ह आले, २००१ साली त्या नावाची वस्त्रे बाजारात आली, आणि २००८ साली फेअरीनेच ओबामांचे गाजलेले भित्तिपत्रक केले. जाहिरातीची थट्टा करणारे चिन्ह स्वतःच विक्रीचे नाव झाले. हा केवळ अधःपात आहे, असे आम्ही मानत नाही. स्टिकर मुळातच भेट आणि जाहिरात या दोहोंच्या मध्ये उभा होता. फेअरीच्या प्रवासाने ते उघड झाले, इतकेच.

खरा प्रश्न इतिहासलेखनाचा आहे. १९८०च्या दशकातील स्टिकर आज संग्राहक जपतात. परंतु जपले गेले ते मुख्यतः न वापरलेले. जे जगले, ते कठड्यांवर झिजून गेले. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल : हाती लागतो तो पाठ, निसटतो तो प्रयोग. कोऱ्या स्टिकरांच्या संग्रहावरून या संस्कृतीविषयी लिहिताना, ज्यांनी ती घडवली त्यांचाच पुरावा आपल्यासमोर नाही, एवढे भान तरी अभ्यासकाने राखले पाहिजे.