पुण्याच्या कुंभाराचे नाक

आपल्या मराठीत अब्रूचे ठिकाण चेहऱ्यावर आहे. नाक कापले म्हणजे लाज गेली, तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणजे सारेच गेले. पण ज्याचे नाक खरोखरच कापले गेले, त्याने काय करावे? त्याचे एक उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कुंभाराने दिले होते.

इंग्रज आणि टिपू यांच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेसाठी बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहून ठेवले आहे. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या कुंभाराने त्याला नवे नाक बसवले.

हे काम मोठे नेटके होते. आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून हवा तसा आकार द्यायचा. ती सपाट करून कपाळावर ठेवायची, कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही, कारण तिच्यातून नव्या नाकाला रक्त मिळते. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या लावायच्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

मुंबई इलाख्यातले डॉक्टर टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी हे काम पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने त्याचा वृत्तांत छापला. तिथे जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये हीच रीत वापरून शस्त्रक्रिया केली. आजही कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करण्याच्या पद्धतीला जगभर भारतीय पद्धत म्हणतात. कुंभाराचे नाव मात्र त्या वृत्तांतात नाही.

पण प्रत्येक चेहरा कातडीने भरून निघत नाही. पहिल्या महायुद्धात बंदुका-तोफांनी जबडे उडालेल्या सैनिकांसाठी ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडवून ते कातडीच्या रंगात रंगवले. इथेही मदतीला धावला तो घडवणारा हात.

आज आपल्याकडे असे चेहरे युद्धातून येत नाहीत, ते बहुतेक तंबाखूच्या पुडीतून येतात. कर्करोगामुळे वरच्या जबड्यासह टाळू काढावी लागली की तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच जातो. प्यालेले पाणी नाकातून येते, बोलणे गेंगाणे होते, च, ज, श ही तालव्य अक्षरे बिघडतात. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला ही शिक्षा फार मोठी वाटते. यावर उपाय आहे. दातांच्या कवळीलाच बुचासारखा भाग जोडून ते भोक बंद करतात. माणूस पुन्हा जेवतो, बोलतो. गेलेला डोळा, कान किंवा नाक सिलिकॉनचे करतात आणि त्याचा नमुना अजूनही आधी मेणातच घडवतात.

मुंबईत परळला १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात असे काम होते. आमच्या नंदुरबारहून मुंबई गाठायची तर सुरतेला वळसा घालून रात्र काढावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच एक प्रश्न विचारावा: "डॉक्टरसाहेब, नंतर कवळी बसवाल ना?" शक्य असेल तर जबड्याचे माप आधीच घेता येते आणि तात्पुरती कवळी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवता येते.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण तोंडातली सवय कायद्याने सुटत नाही. ज्या काथाने त्या कुंभाराने नाक जोडले, तोच काथ आज सुपारी आणि तंबाखूच्या संगतीत पुडीत बसला आहे. काथ तोच, संगत बदलली. आपल्या वाडवडिलांनी संगतीबद्दल जे सांगितले, ते इथेही खरे ठरते.